परात वाजली की बाहेर यायचं

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे आणि मला राग आलेला आहे. तुम्ही आजवर जुन्या छत्र्यांची, फाटक्या दप्तरांची आत्मवृत्तं वाचली असतील. त्या बिचाऱ्या वस्तू अडगळीत पडून हळू आवाजात बोलतात आणि शेवटी डोळे पुसतात. मला डोळे नाहीत. मला आवाज आहे, आणि तो मोठा आहे. कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवून घ्या.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. पत्रा ठोकून ठोकून कारागिराने मला गोल केलं, काठ वळवला, दोन बाजूंना दोन कड्या बसवल्या. जन्मल्यापासून ठोके खाल्लेत, म्हणून माराबद्दल बोलायचा मला हक्क आहे. ठोकल्याने मी घडले, हे खरं. पण मी धातूची आहे. माणूस ठोकून घडत नाही, एवढी साधी गोष्ट मोठमोठ्या माणसांना कळत नाही, आणि माझी सगळी कहाणी त्यामुळेच झाली.

सरुबाईच्या वडिलांनी मला तिच्या रुखवतासाठी विकत घेतलं. भांड्यावर नाव घालायची आपली जुनी रीत आहे. दुकानदाराने विचारलं, "नाव कुणाचं घालू?" वडील म्हणाले, "जावयाचं घाला." झालं! माझ्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी 'दत्तोबा' असं उमटलं. पैसे बापाचे, पीठ मळणार लेक, आणि नाव जावयाचं. मी तेव्हा नवी कोरी होते, कुणाला काही बोलले नाही. पण माझ्या रागाची सुरुवात त्या दुकानातच झाली.

लोणावळ्याहून कुसगाव मागे टाकलं की डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी लागते. आता तिथे पोहण्याचे तलाव असलेले बंगले उभे राहिलेत, पण मी आले तेव्हा नुसती भातखाचरं होती. ओढ्याच्या अलीकडे शेतकऱ्यांची आळी आणि पलीकडे बौद्ध वस्ती. मधे ओढा ओलांडायला एक अरुंद साकव. सरुबाई आळीतली. वस्तीतली आक्काबाई तिची मैत्रीण. आवणीला दोघी एका ओळीत भाताची रोपं लावायच्या, एकीच्या खाचरात एक दिवस, दुसरीच्या खाचरात दुसरा दिवस. चिखलात दोघींचे पाय सारखेच रुतायचे. घरी आल्यावर मात्र आक्काबाई सरुबाईच्या अंगणातच थांबायची. तिला आत कुणी बोलावत नसे.

सरुबाईचा नवरा दत्तोबा गावात भला माणूस होता. दुसऱ्यांची भांडणं मिटवायचा, देवळात गोड आवाजात आरती म्हणायचा. घरात शिरला की मात्र हात सुटायचा. भातात खडा लागला म्हणून, चहा उशिरा आला म्हणून, आणि काही सापडलं नाही तर तोंड वाकडं का केलं म्हणून. आळीतल्या सगळ्यांना ते आवाज ओळखीचे होते. शेजारपाजारचे म्हणायचे, "भांड्याला भांडं लागायचंच." मित्रांनो, मी भांडं आहे. मला विचारा ना! भांड्याला भांडं लागलं की दोघांनाही पोचे पडतात. इथे पोचे एकटीलाच पडत होते.

एका संध्याकाळी आक्काबाई सरुबाईचा विळा परत द्यायला आली. आतून आवाज येत होते. मी अंगणातल्या कट्ट्यावर घासूनपुसून वाळत पडले होते. आक्काबाईने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या ओट्यांवर माणसं बसली होती आणि सगळ्यांनी माना दुसरीकडे वळवल्या होत्या. तिने मला उचललं आणि विळ्याच्या मुठीने असं काही बडवलं, की माझा असा आवाज मी स्वतः कधी ऐकला नव्हता. कुत्री भुंकायला लागली. पोरं धावत आली. वळलेल्या माना नाइलाजाने परत फिरल्या. दत्तोबा दारात आला.

"काय गं, काय लावलंय ह्ये?"

"काय न्हाई दत्तूभाऊ," आक्काबाई म्हणाली, "परात वाजती का बघतेय."

"माज्या दारात?"

"परात तुमच्याच दारात व्हती न्हवं."

एवढ्या लोकांपुढे तो काय बोलणार? पायात वहाणा घालून निघून गेला. आता तुम्हाला वाटेल, घरातली माणसं सरुबाईला पाणी द्यायला धावली असतील. छे! तिची सासू धावली ती माझ्याकडे. "बाटवली गं माजी परात!" म्हणून तिने गळा काढला. मला राखेने घासलं, चिंचेने घासलं आणि शेवटी विस्तवावर धरलं. सुनेच्या गालावर पाच बोटं उठली होती, त्याला कुणी हळद लावली नाही. परातीला कुणाचा हात लागला, याचा मात्र केवढा आकांत! तो विस्तव अजून माझ्या अंगात आहे.

दुसऱ्या दिवशी सरुबाईने मला पदराखाली घेतलं आणि साकव ओलांडून आक्काबाईच्या घरी नेलं. ती म्हणाली, "आक्का, हिला तुझ्याकडं ठेव. माज्या घरात ऱ्हायली तर वाजवायची कुणी? घरातली परात घरासाठी वाजत न्हाई." मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. जिने ते म्हटलं, तीच पुढे ते विसरली.

त्या दिवशी आक्काबाईच्या चुलीपुढे माझ्यात तांदळाच्या पिठाची उकड मळली गेली. दोघींनी भाकरी थापल्या आणि एका ताटात जेवल्या. तिथून आमच्या कामाला सुरुवात झाली. हळूहळू दोन्हीकडच्या बायका येऊ लागल्या. दर शनिवारी बैठक. कधी आळीतल्या देवळामागे, कधी वस्तीतल्या विहाराच्या पायरीवर. पुरुषांनी चिडवायला नाव ठेवलं 'परात मंडळ'. बायकांनी तेच नाव ठेवून घेतलं.

मंडळाचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. परात एका घरात मुक्काम ठोकणार नाही. दर शनिवारी ती पुढच्या घरी जाईल, या आठवड्यात आळीत तर पुढच्या आठवड्यात वस्तीत. जिच्या घरी असेल तिने ती दाराबाहेर खुंटीला टांगायची, आणि खुंटी त्या घरातल्या सगळ्यात बुटक्या बाईचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर मारायची. परात वाजली की तव्यावरची भाकरी उतरवायची, गॅस बंद करायचा आणि बाकी सगळं टाकून बाहेर यायचं. हात धुवायलाही थांबायचं नाही. 'का वाजवली' हे आधी विचारायचं नाही. ज्या दारातून आवाज आला त्या दाराकडे तोंड करून नुसतं उभं राहायचं. ज्या बाईवर हात उठला तिने स्वतः बाहेर येऊन बोलेपर्यंत एकीनेही तोंड उघडायचं नाही. बोलायचा मान तिचा.

पिठाने माखलेले हात, कडेवर पोरं, अर्धी वेणी घातलेली, अशा बायका दारापुढे गप्प उभ्या राहिल्या की भल्याभल्यांची बोबडी वळायची. शिव्या द्यायला समोरून कुणी बोललं तर पाहिजे! दत्तोबाचा हात त्यानंतर उठलाच नाही, असं मी म्हणणार नाही. पण उठला की आधी दाराकडे नजर जायची. बऱ्याचदा तो हात तसाच खाली यायचा. आता तो या जगात नाही.

माझ्या अंगावर पोचे पडत गेले. तळाचा पोचा भागुबाईच्या सुनेच्या वेळचा, तिला माहेरहून फ्रीज आणायला सांगत होते. काठावरचा नंदाबाईच्या वेळचा. तिच्या नवऱ्याने मला हिसकावून अंगणात भिरकावलं होतं. अख्खी आळी आणि वस्ती तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा त्यानेच मला उचलून आणून दिलं. अशा पोच्यांची मला कधी लाज वाटली नाही. उलट तोराच होता.

आणि एकदा तर मी पोरांसाठीही वाजले. मिरवणुकीतल्या डीजेवरून दोन्हीकडची तरणी पोरं साकवाच्या दोन टोकांना काठ्या घेऊन जमली होती. मोबाइलवरून एकमेकांच्या जातीचा उद्धार सकाळपासून चालू होता. आक्काबाईने मला बडवलं. दोन्ही बाजूंच्या बायका आल्या आणि साकवावर फतकल मारून बसल्या. आक्काबाई म्हणाली, "ज्याला पलीकडं जायाचंय, त्यानं आपल्या आईच्या अंगावर पाय देऊन जावं." एकही पोरगा पुढे सरकला नाही. ऊन चढलं, काठ्या लपवत पोरं घरी गेली. पोलिसांची गाडी यायचं कामच पडलं नाही. ज्यांना बायकांच्या बैठका म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटत होता, ते त्या दिवसानंतर जरा जपून बोलायला लागले.

इथपर्यंत माझं बरं चाललं होतं. मग माझं कौतुक झालं.

दोन वर्षांपूर्वी महिला दिनाला लोणावळ्यात एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये मंडळाचा सत्कार ठरला. सरुबाईचा मुलगा अमृत बंगल्यांच्या बुकिंगचं काम करतो, त्याच्या ओळखी पुष्कळ. त्यानेच सगळं जुळवून आणलं. मला आधी दुरुस्तीला धाडलं. तिथल्या माणसाने माझे सगळे पोचे ठोकून काढले आणि मला आरशासारखं लख्ख केलं. अमृत खूश झाला, "बघ आई, नवी दिसते की नाही!" मला विचारलं कुणी? भागुबाईची सून गेली, नंदाबाई गेली, सगळ्या माझ्या अंगावरून पुसल्या गेल्या.

स्टेजवर माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सरुबाईला शाल, श्रीफळ. माइकवरून तिला मंडळाची 'अध्यक्षा' म्हटलं गेलं. मंडळाला अध्यक्ष नव्हताच कधी, पण सरुबाई नाही म्हणाली नाही. पाहुण्यांनी नारीशक्तीवर भाषण केलं आणि फोटोसाठी मला एका बोटाने टिचकी मारली. टिंग! एवढासा आवाज निघाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पहिल्यांदा वाजवणारी आक्काबाई वस्तीतल्या बायकांबरोबर शेवटच्या रांगेत बसली होती. तिला कुणी वर बोलावलं नाही. सरुबाईनेही नाही. लाज वाटली मला त्या हाराची.

परत आल्यावर अमृत म्हणाला, "आता ही मानाची परात. दारोदार फिरवायची नाही." ड्रिल मशीन आणून त्याने पुढच्या खोलीत सोफ्यावर, पार छताजवळ हूक बसवला आणि मला टांगलं. भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ सोडली. कुणी पाहुणे आले की त्यांना माझ्याखाली उभं करून फोटो काढायचा. शनिवारी बैठकीत आक्काबाईने विचारलं, "सरू, परात कुटं हाय? लय दिस झालं, वस्तीत आली न्हाई."

सरुबाई म्हणाली, "आगं, आता मोबाइल हायेत की समद्यांकडं. अमृतनं ग्रुप काढलाय मंडळाचा."

ग्रुप! त्यावर रोज सकाळी गुलाबाची फुलं यायची, वाढदिवसाला केक यायचे. मी भिंतीवरून सगळं बघत होते.

आणि मी प्रेरणाला बघत होते. प्रेरणा ही अमृतची बायको. देहूरोडची मुलगी, वडील तिथल्या डेपोत नोकरीला होते. लग्नाआधीपासून ती लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानात काउंटरवर उभी राहते. हिशोबाला पक्की, बोलायला गोड. मालकीणबाई तिच्यावर दुकान सोडून निर्धास्त जायच्या. पण सत्कारानंतर अमृतला ते खुपायला लागलं. "अध्यक्षांची सून चिक्की विकते, लोक काय म्हणतील?" शनिवार-रविवारच्या गर्दीमुळे तिला यायला उशीर झाला की तो दारातच जाब विचारायचा. एका संध्याकाळी त्याने तिच्या थोबाडीत मारली. माझ्या खाली, त्या दिव्यांच्या माळेखाली. मला भिंतीवर टांगणारा आणि तिच्या गालावर पडणारा हात एकच होता.

सरुबाई तिथेच बसली होती. तिने काय केलं, सांगू? तिने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मी त्या दिवसापासून धुमसते आहे. आवाज वाढवण्याची ती युक्ती पुढे रोजचीच झाली. प्रेरणाने एकदा रडत विचारलं, "आई, तुम्ही तरी काही बोला ना." तेव्हा सरुबाई म्हणाली, "माज्याच घरातलं भाईर गेलं तर मंडळाचं नाव जाईल पोरी. लोक हसतील. जरा दमानं घे. झाकली मूठ सव्वा लाखाची." ज्या बाईसाठी मी पहिल्यांदा वाजले, ती असं बोलत होती! मंडळ बायकांसाठी होतं, आता बाईने मंडळासाठी मार खायचा होता. मग अमृतने प्रेरणाचा मोबाइल काढून घेतला, त्यामुळे ग्रुपवरची फुलंही तिच्यापर्यंत पोचायची बंद झाली. घर कसं शांत शांत! पाहुणे म्हणायचे, "किती शांतता आहे हो तुमच्याकडे."

तो रविवार होता. सीझनचे दिवस, बाजारात गर्दी उसळलेली. प्रेरणा सकाळीच दुकानात जायला निघाली. अमृत दार अडवून उभा राहिला. "आजपासून जायचं नाही. विषय संपला."

"मी जाणार," ती म्हणाली. "काम माझं आहे."

त्याने तिला ओढून सोफ्यावर ढकललं आणि मारायला लागला. टीव्हीचा आवाज वाढला. प्रेरणाने वर माझ्याकडे पाहिलं. हात उंच केला. कसा पोचणार? सगळ्यात बुटक्या बाईच्या उंचीचा नियम ज्यांनी केला, त्यांनीच मला छताला नेऊन लावलं होतं. पण पोरगी हुशार. तिने सुटका करून घेतली, कोपऱ्यातली जळमटं काढायची लांब काठी उचलली आणि मला खालून असा रट्टा दिला की मी दिव्यांच्या माळेसकट फरशीवर कोसळले. अहाहा! काय तो आवाज! वर्षभराचा कोंडलेला आवाज होता तो. काठाला हा एवढा पोचा पडला, आणि बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. अमृत दचकून मागे सरला तेवढ्यात तिने मला उचललं, स्वयंपाकाच्या ओट्यावरचं उलथणं घेतलं आणि अंगणात येऊन बडवायला सुरुवात केली.

आता ऐका आमच्या आळीची अक्कल. बायका आपापल्या दारात आल्या, आवाज सरुबाईच्या घरातून येतोय हे पाहिलं आणि थबकल्या. अध्यक्षांच्या घरात मारहाण? कसं शक्य आहे! वर्षभर मी फक्त फोटोपुरती उरले होते ना, म्हणून त्यांना वाटलं, आजही कुणी पाहुणे आलेत, शूटिंग आहे. नंदाबाई धावत घरात गेली आणि नवी साडी नेसून, केसात गजरा माळून, हातात मोबाइल घेऊन आली. "आधी सांगायचं न्हाई का गं, फोटू हायेत म्हून?" असं म्हणतच ती अंगणात शिरली. मग तिला प्रेरणाचा फुटलेला ओठ दिसला. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगवत नाही. एके काळी तिचाच ओठ असा फुटला होता.

वस्तीतल्या बायकांना फोटोला कुणी बोलवत नव्हतं, त्यामुळे त्यांना जुना नियमच आठवत होता. साकवावरून त्या पळत आल्या. पिठाचे हात, कडेवर पोरं, पुढे आक्काबाई. गुडघे दुखतात तिचे, तरी पुढे. येऊन दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. गप्प.

अमृतने ते पाहिलं आणि मोबाइल कानाला लावला. "सोपान, पोरं घेऊन ये. वस्तीवाल्या आपल्या घरावर चालून आल्यात." मित्रांनो, बघा कशी असते ही चलाखी! मारलं आपण बायकोला, आणि भांडण लावून दिलं जातीचं. बायकोच्या फुटलेल्या ओठाला उत्तर नव्हतं त्याच्याकडे, जातीच्या नावाने मात्र दहा जण पळत आले असते. आलेच. मोटारसायकलींचा आवाज आळीत घुमला. पोरं उतरली, एकाच्या हातात क्रिकेटचा स्टम्प होता. तिकडे साकवापलीकडे वस्तीतले पुरुषही उभे राहायला लागले होते. एक दगड पडला असता तर पुढचं काय झालं असतं, ते सांगायला परात लागत नाही.

आक्काबाई हलली नाही. तिच्यामागच्या बायका हलल्या नाहीत. प्रेरणा मला छातीशी धरून उभी होती, तिची छाती धडधडत होती आणि तो ठोका मला लागत होता. बोलायचा मान तिचा होता. पण ती सासूकडे बघत होती.

सरुबाई दारात आली होती. रिमोट अजून हातात.

"आई, सांग यांना," अमृत ओरडला. "आमच्या घरातलं आहे, आम्ही बघून घेऊ. आणि ती परात आत घे. बाबांचं नाव आहे तिच्यावर!"

सरुबाईने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "नाव त्येंचं हाय. दिली माज्या बापानं."

तिने रिमोट उंबऱ्यावर ठेवला. अनवाणी पायऱ्या उतरली. अंगण ओलांडून वस्तीतल्या बायकांच्या ओळीत गेली, आक्काबाईच्या शेजारी उभी राहिली आणि वळून स्वतःच्याच दाराकडे तोंड केलं. आक्काबाईने तिच्याकडे वळून पाहिलं नाही, पण जरा सरकून जागा दिली.

"बोल प्रेरणा," सरुबाई म्हणाली. "आमी ऐकतोय."

प्रेरणा बोलली. "यांनी मला मारलं. आज पहिल्यांदा नाही. परात वर टांगली तेव्हापासून मारतायत." मग तिने सासूकडे बोट केलं. "आणि या टीव्ही मोठा करतात."

घरातल्या टीव्हीवरची जाहिरात अंगणापर्यंत ऐकू येत होती. सरुबाईचं डोकं खाली गेलं.

"व्हय," ती म्हणाली. "केला मोठा."

मग आळीतल्या बायका एकेक करून आल्या. भागुबाई आली, तिची सून आली. नंदाबाईने गजरा ओढून काढला आणि ओळीत उभं राहण्याआधी ती मोटारसायकलींपाशी गेली. सोपान तिचाच मुलगा. "गाडी फिरव," ती म्हणाली. "न्हायतर आधी मला सांग, तुज्या बापानं मला मारलं तवा ह्याच वस्तीतल्या बाया माज्या दारात उभ्या व्हत्या, त्या कोण व्हत्या?" सोपानला ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं त्याला. त्याने स्टम्प धरलेल्या मित्राकडे पाहिलं, गाडीला किक मारली आणि परत फिरला. त्याच्यामागे बाकीचे गेले. अमृत एकटा दारात राहिला.

प्रेरणा त्याच दिवशी आक्काबाई आणि नंदाबाईबरोबर पोलीस चौकीत गेली. अगदी पहिल्या मारापासूनची तक्रार दिली. आता ती देहूरोडला आईवडिलांकडे राहते, तिथून रोज दुकानात येते. केस चालू आहे, तारखा पडतात, आणि तारखेला मंडळातली कुणी ना कुणी तिच्याबरोबर जाते. सरुबाई एकदा साक्ष देऊन आली आहे, मुलाच्या विरोधात. घरी आल्यावर दोन दिवस जेवली नाही. मला तिची दया येते आणि तिचा रागही येतो. आवणीला दोघी मैत्रिणी पुन्हा एका ओळीत उभ्या राहिल्या, पण आक्काबाई अजून पहिल्यासारखी बोलत नाही. परवा तिने एकदाच विचारलं, "सरू, शेवटच्या रांगेत बसवलंस त्याचं मला काय न्हाई. पण त्या पोरीला ऐकू येत न्हाई असं केलंस कसं गं?" सरुबाई पुढचं रोप लावायला वाकली.

मी पुन्हा दारोदार फिरते. अध्यक्ष कुणी नाही. सरुबाई माझा नवा पोचा काढून आणायला निघाली होती, तर तारखेला भेटल्यावर प्रेरणा म्हणाली, "राहू दे तो." आज मी वस्तीत आक्काबाईच्या दारापाशी टांगलेली आहे, हाताच्या उंचीवर. शनिवारी आळीत जाईन.

तर मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. मला घासू नका, हार घालू नका, फोटोत घेऊ नका. कुठलीही कामाची वस्तू उंच टांगून पूजा करायला लागलात, की समजा ती निकामी केलीत. तुमच्या घरी परात असेलच. नसेल तर ताट आहे, पातेलं आहे, डब्याचं झाकण आहे. ते कुठे आहे बघून ठेवा. आणि शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज विनाकारण वाढला, तर 'आपल्याला काय करायचंय' म्हणून आपल्या टीव्हीचा आवाज वाढवू नका. तव्यावरची भाकरी उतरवा आणि बाहेर या.